तारीख दिलीय आणि घसा बसलाय: कार्यक्रम करायचा की रद्द, हे नव्या गायक-वादकांनी कसं ठरवावं

उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे. गावात फ्लेक्स लागलेत, तबला-पेटीवाल्यांना तारीख दिलीय, निम्मी बिदागी, म्हणजे मानधन, इसार म्हणून आगाऊ खात्यावर आलीय. आणि आज सकाळी उठल्यावर आवंढा गिळताना घशात काटा टोचतोय, अंगात कणकण आहे. जायचं की नाही?

माझ्या क्लासमधली मुलं बाहेर कार्यक्रम घ्यायला लागली की पहिल्याच हंगामात हा प्रश्न घेऊन येतात. आपला हंगाम गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत, आणि पुढे दत्तजयंतीपर्यंत. डेंग्यू, फ्लू, सर्दी-खोकला यांचा जोरही नेमका याच दिवसांत असतो. मी तीस वर्षं सांगली, मिरज, तासगाव, विटा, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यात अभंग आणि नाट्यपदं गातेय. एवढ्या काळात चार कार्यक्रम आजारपणामुळे रद्द केले. एक रद्द करायला हवा होता, तो केला नाही. सगळ्यात महाग तोच पडला, आणि खरं तर त्याच्यामुळेच हे सगळं लिहायला बसलेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजारी पडणं आपल्या हातात नसतं, कळवायची वेळ मात्र असते. आपण न गेल्यानं आयोजकाचं जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट ते उशिरा कळवल्यानं होतं. तीन दिवस आधी कळलं तर तो दुसरा गायक शोधतो. तीन तास आधी कळलं तर मांडवात बसलेल्या लोकांना तोंड द्यायला तो एकटा उरतो.

पहिली पायरी: सुपारी घेतानाच बोलून ठेवा

तारीख पक्की करतानाच एक वाक्य बोलायचं: "तब्येतीचं काही झालंच तर मी लगेच कळवीन, इसार परत करीन, आणि जमलं तर माझ्याऐवजी कोण येईल तेही सांगीन." हे बोलायला नव्यांना लाज वाटते. अपशकुन केल्यासारखं वाटतं. पण माझ्या अनुभवात हे ऐकून आयोजक नाराज होत नाही, उलट समोरचा माणूस जबाबदार आहे हे त्याला कळतं. बोलणं झालं की तेच व्हॉट्सॲपवर दोन ओळींत पाठवून ठेवा.

पैशाचं काय, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. कुणी म्हणतं इसार आपलाच, कुणी म्हणतं मांडवाचा सगळा खर्च गायकाच्या गळ्यात पडतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्याच्या कलम ६५ खाली दिलेलं एक उदाहरण चक्क आपल्या धंद्यातलं आहे. एकानं मैफलीत गायचे १,००० रुपये आगाऊ घेतले, पण आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही. कायदा म्हणतो, तो गायला असता तर समोरच्याला जो नफा झाला असता त्याची भरपाई गायकानं द्यायची नाही, पण आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करायचे. कलम ५६ खाली नाटकात काम करणाऱ्याचंही उदाहरण आहे. सहा महिन्यांचा करार, आगाऊ पैसे घेतलेले, मधे काही वेळा तो आजारी पडला. त्या त्या वेळेपुरता करार रद्द ठरतो. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही गाणारा माणूस आजारी पडतो हे माहीत होतं, हे वाचून मला फार धीर आला होता. तुमच्याकडून लेखी करारावर सही घेतली असेल तर मात्र त्यातलं रद्द करण्याचं कलम सही करण्याआधी नीट वाचा.

याच वेळी करायचं दुसरं काम म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या पट्टीत, म्हणजे तुमच्याच सुराला सा धरून, आणि तुमच्यासारखंच गाणाऱ्या तिघाचौघांची नावं लिहून ठेवा. त्यांना सांगूनही ठेवा की गरज पडली तर मी फोन करीन, आणि तुम्हाला लागलं तर मी येईन. गायक गायकाचा शत्रू असतो असं म्हणतात. अडचणीच्या वेळी मला तरी तो अनुभव आलेला नाही.

दुसरी पायरी: ठरवण्याजोगं काही आहे का, ते आधी बघा

काही दुखण्यांत जायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, डावा हात किंवा जबडा भरून येणं, बसल्या जागी धाप लागणं, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येणं यातलं काही झालं तर आधी १०८ ला फोन. आयोजकाला घरातलं कुणीही नंतर कळवेल.

हे लिहिताना मला दर वेळी किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण येते. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांची कबर आहे, तिथल्या उरुसात दर वर्षी गाणं होतं, आणि या भागातल्या प्रत्येक गायकाला तिथं एकदा तरी हजेरी लावावी असं वाटतं. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. गाडीत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथंच गेले. त्या काळी, त्या जागी इलाज मिळणं अवघडच होतं. आज आपण मिरजेत राहतो, जिथं उपचारांसाठी कर्नाटकातून माणसं येतात. एवढे दवाखाने दाराशी असताना छातीतली कळ अंगावर काढून गाडीत बसायचं काहीच कारण नाही.

दुसरं, डेंग्यू. यात एक सापळा आहे आणि नवी मुलं त्यात हमखास अडकतात. पहिले काही दिवस ताप सडकून येतो, मग साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत तो उतरतो. माणसाला वाटतं, सुटलो. पण धोक्याचे दिवस बऱ्याचदा तिथंच सुरू होतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ, ही लक्षणं ताप उतरल्यावर दिसतात. माझ्याकडे तबला शिकणारा एक मुलगा "ताप गेला ताई, येतो की" म्हणत नवरात्रात विट्याला निघाला होता. त्याच्या आईनं अडवलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी त्याला ॲडमिट करावं लागलं. म्हणून डेंग्यू निघाला किंवा डॉक्टरांना नुसता संशय आला, तरी त्या आठवड्यातल्या तारखा सोडून द्या. आणि तापात स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

तिसरी पायरी: घसा तपासा

वादकांनी हा भाग सोडला तरी चालेल. गायकांनी आणि निवेदकांनी मात्र सावकाश वाचावा.

घसा दुखणं आणि आवाज बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घसा दुखतोय पण आवाज स्वच्छ आहे, तर सूज बहुधा वर, टॉन्सिलच्या आसपास असते. आवाज घोगरा झालाय, फाटतोय, मधेच नुसती हवा निघतेय, तर सूज स्वरतंतूंवर आहे. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला सा) लागतो तेव्हा तिचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. तारषड्जाला, म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातल्या सा ला, ४१५ वेळा. निरोगी तंतूंना त्याचं काही वाटत नाही. सुजलेल्या तंतूंवर तेवढेच आघात पडले तर काय होईल, याचा विचार करा.

मी अशी परीक्षा घेते. सकाळी उठल्यावर लगेच नाही, कारण तेव्हा सगळ्यांचाच आवाज जड असतो. तास-दोन तासांनी, कोमट पाणी पिऊन, तानपुरा लावून बसायचं. आधी खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, आणि मध्य सप्तकात साधा आकार, नुसतं 'आ' म्हणत. मग तारषड्ज हलक्यात हलका, अगदी पाळण्यातल्या बाळाशेजारी गातोय असा लावायचा. स्वर लगेच आणि स्वच्छ लागला तर फार काही बिघडलेलं नाही. पण जोरात लावला की येतोय आणि हलका लावला की नुसती हवा येते, किंवा स्वर क्षणभर उशिरा पकडला जातो, तर तंतूंना सूज आहे. अशा वेळी आपण नकळत जोर लावून गातो, आणि घरच्यांना तो आवाज "ठीकच तर आहे" वाटतो. चांगल्या दिवसाचा असाच एक तुकडा फोनवर आधीच रेकॉर्ड करून ठेवा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. आजारी माणसाचा स्वतःच्या कानावरचा भरवसा कमी होतो, तेव्हा ही तुलना उपयोगी पडते.

आता रद्द करायला हवा होता तो माझा कार्यक्रम. दिवाळी पहाट होती, तासगाव बाजूला. तीन दिवस घसा धरलेला होता. हलका तारषड्ज लागत नव्हता, हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. तरी गेले. पहिले दोन अभंग निभले. तिसऱ्यात वरच्या षड्जावर ठेहराव घेतला आणि आवाज गेला. फाटला नाही, घोगराही झाला नाही, नुसता नाहीसा झाला, दिवा गेल्यासारखा. दुखलंही नाही. मी पेटीवाल्या दादांकडे बघितलं, त्यांनी तो अभंग पेटीवरच पूर्ण केला. मिरजेत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा एका स्वरतंतूत रक्त साकळलेलं दिसलं. आठ दिवस पूर्ण मौन, आणि गाणं दोन महिने बंद. एका पहाटेसाठी हंगामातल्या बाकीच्या सगळ्या तारखा गेल्या. गाताना आवाज असा अचानक गेला तर तिथंच थांबायचं, एक ओळही पुढे गायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, एवढं तरी माझ्यावरून शिका.

घरगुती उपायांबद्दल. ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा रस, हळदीचं दूध हे सगळं मी आजही घेते. त्यानं घशाला आराम पडतो. पण गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, ती अन्ननलिकेत जाते. तिथपर्यंत पोचते ती श्वासातली वाफ. म्हणून वाफ घ्या, पाणी भरपूर प्या, कमी बोला. कुजबुजू नका. कुजबुजणं म्हणजे विश्रांती असं वाटतं, पण त्यात बऱ्याच जणांचा गळा उलट जास्त आवळला जातो. हळू आवाजात साधं बोललेलं बरं, आणि गप्प बसलेलं त्याहून बरं.

एक इंजेक्शन घेतलं की आवाज सुटतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. स्टिरॉइडनं सूज उतरते आणि आवाज मोकळा वाटतो, हे खरं आहे. पण तंतू बरे झालेले नसतात, आणि मोकळं वाटतंय म्हणून आपण त्यांच्यावर पूर्ण जोर टाकतो. दुर्बिणीतून तंतू पाहिल्याशिवाय असं इंजेक्शन घेऊ नका. पाहिल्यावर काय करायचं ते तज्ज्ञच ठरवतील.

भीतीचा घसा

हे न सांगता पुढे गेले तर अन्याय होईल. कारण रद्द करायला निघालेल्या नव्या मुलांपैकी बरीच आजारी नसतात, घाबरलेली असतात. त्यांना तसं म्हणू नये, त्यांचा घसा खरंच आवळलेला असतो. तोंडाला कोरड पडते, आवंढा अडकतो, पोटात कालवतं, हात गार पडतात.

मी दोन गोष्टी बघते. एक, हे कधी सुरू झालं? कार्यक्रमाची आठवण झाली की वाढतं आणि जेवताना, गप्पा मारताना विसरलं जातं, तर ती भीती. दुसरं, वीस मिनिटं शांत खर्ज लावल्यावर काय होतं? भीतीचा घसा त्यात मोकळा होतो, सुजलेला घसा आणखी थकतो. थर्मामीटरही लावा. भीतीनं छाती धडधडते, पण १०१ ताप चढत नाही.

ती भीती असेल तर जा. मी पहिल्यांदा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात गायले तेव्हा विंगेत उभी राहून थरथरत होते. मराठी रंगभूमीची सुरुवात या गावातल्या १८४३ च्या प्रयोगानं झाली, नाट्यसंगीताच्या वेडात वाढलेले लोक समोर बसलेले, आणि आपण कोण लागून गेलो असं वाटत होतं. पहिला सूर लागला आणि ते सगळं विरून गेलं.

चौथी पायरी: दुसऱ्यांना काय होईल

"आवाज बरा आहे, नुसता थोडा ताप आहे" असं म्हणताना आपण फक्त स्वतःचा विचार करत असतो. अभंगाच्या कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगांत कोण बसतं ते आठवा. सत्तरीतले आजी-आजोबा. कार्यक्रम संपल्यावर ते वर येतात, हात हातात घेतात, डोक्यावर हात ठेवतात. बारशाला गायला गेलात तर बाळ-बाळंतीण समोर असतात. साथीदार तुमच्याबरोबर एकाच गाडीत दोन-अडीच तास, काचा लावून.

फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. मी धरलेला नियम असा आहे: तापाची गोळी न घेता सलग २४ तास ताप आला नसेल, तरच लोकांत जायचं. "गोळी न घेता" हे महत्त्वाचं, कारण पॅरासिटामॉलनं ताप चार ते सहा तास दबतो. दबलेल्या तापाला गेलेला ताप समजून बरेच जण गाडीत बसतात आणि मध्यंतरात थंडी वाजून कापायला लागतात. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला तो आजार फार जड जाऊ शकतो. डोळे आले असतील तर माइक, टॉवेल, पेटी यांना तुमचे हात लागतात हे लक्षात ठेवा.

इथं कुणीतरी मोठं माणूस बालगंधर्वांचं उदाहरण देतं. १९११ साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी गेली, आणि ते उभे राहिले, गायले. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय आणि दर वेळी गलबलून येतं. पण ते दुःख होतं, लागण होणारा आजार नव्हता. ते दुःख त्यांनी एकट्यानं सोसलं, त्यातून प्रेक्षागृहातल्या कुणाला इजा झाली नाही. फणफणलेल्या तरुण मुलाला गाडीत बसवायला ती आठवण वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रवासाचंही बघा. सांगलीहून साताऱ्याला शाहू कलामंदिरात कार्यक्रम असेल तर एका बाजूचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि परत येताना मध्यरात्र उलटते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि तोंडही कोरडं पडतं. ती गोळी घेऊन गाऊ नये, हे दुय्यम. ती घेऊन रात्री महामार्गावर गाडी चालवू नये, हे आधी.

पाचवी पायरी: घड्याळ

बरं वाटेल, उद्या बघू, या आशेवर बसलं की दिवस निघून जातो. म्हणून वेळा आधीच ठरवा.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी काही जाणवलं तर आयोजकाला त्याच दिवशी नुसती कल्पना द्यायची, रद्द करायचं नाही. ही पायरी जवळजवळ सगळे टाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगाची. आयोजक घाबरेल, सुपारी काढून घेईल, अशी धास्ती वाटते. माझी अशी एकही तारीख गेलेली नाही.

दोन दिवस आधी डॉक्टरांना दाखवलेलं असलं पाहिजे. त्यांना "बरं कधी वाटेल" असं विचारू नका. "शनिवारी संध्याकाळी दोन तास गायचंय, जाण्या-येण्यात पाच तास, गाऊ का?" असं विचारा. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं मिळतं.

आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता शेवटचा निर्णय. संध्याकाळी नाही. सकाळी कळवलं की आयोजकाच्या हातात पूर्ण दिवस उरतो. त्या वेळी हलका तारषड्ज लागत नसेल, किंवा गोळीशिवाय ताप थांबत नसेल, तर उत्तर नाही असं आहे. मनात अजून निम्मं-निम्मं असेल तरीही नाहीच. आणि हे रात्री अंथरुणात पडून एकट्यानं ठरवू नका. ज्याला तुमच्या जाण्यात फायदा नाही आणि न जाण्यातही नाही, अशा एका माणसाला विचारा. माझ्या बाबतीत ती माझी थोरली बहीण. ती गाण्यातली नाही, म्हणूनच.

त्याच दिवशी सकाळी आजार आला, तर ही सगळी मोजमापं सोडून द्यायची आणि अर्ध्या तासाच्या आत फोन करायचा.

सहावी पायरी: मधले रस्ते

जाणं आणि रद्द करणं यांच्या मधेही जागा असते. ताप नाही, दुसऱ्याला लागण्यासारखं काही नाही, नुसता आवाज थोडा उतरलाय, अशा वेळीच या मधल्या रस्त्यांचा विचार करावा.

पट्टी उतरवा. काळी चारची पांढरी पाच किंवा काळी तीन केली तरी श्रोत्यांना फरक जाणवत नाही, गळ्याला जाणवतो. पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा. वरच्या सप्तकात खेळणारी नाट्यपदं काढा आणि मध्य सप्तकातले अभंग घ्या. सोबत दुसरा गायक घेऊन गाणी वाटून घ्या. यात नव्या विद्यार्थ्याला संधीही मिळते. निवेदन वाढवता येतं, तबल्याला सोलो देता येतो. घरगुती कार्यक्रम असेल तर तारीख पुढे ढकलायला विचारा. सत्यनारायण किंवा साठी-शांतीच्या घरी लोक सहज तयार होतात. गणेश मंडळाला तारीख हलवता येत नाही, तिथं तो प्रश्न विचारूही नका. आयोजकाला न सांगता कार्यक्रम छाटू नका, एवढंच पथ्य.

सातवी पायरी: फोन

मेसेज टाकून सुटू नका. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे कळवून झालं, असं होत नाही. फोन करा, आणि स्वतः करा. नवी मुलं आईला किंवा मोठ्या भावाला बोलायला लावतात, आयोजकाला ते अजिबात आवडत नाही. आवाज पूर्ण गेला असेल तर आधी स्वतःचा मेसेज पाठवा, मग घरच्यांना बोलू द्या. फोन करण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावरच्यांपैकी कोण मोकळं आहे ते विचारून ठेवा.

बोलणं साधारण असं:

"काका, नमस्कार. शनिवारच्या कार्यक्रमाबद्दल फोन केलाय. मला परवापासून ताप आहे आणि आवाज बसलाय. डॉक्टरांनी गायला नको म्हणून सांगितलंय. मी येऊ शकणार नाही, माफ करा. माझ्याबरोबर शिकणारी एक ताई त्या दिवशी मोकळी आहे, अभंगच गाते. तुम्हाला चालत असेल तर तिचा नंबर देते. इसार मी आजच परत पाठवते."

कारण एका वाक्यात, निर्णय एका वाक्यात, पुढची सोय एका वाक्यात. "बघते", "जमलं तर येते" हे शब्द वापरू नका. त्या एका धाग्यावर आयोजक दिवसभर लटकून राहतो.

समोरून बहुतेक वेळा असं येईल: "अहो ताई, गोळी घेऊन या की! दोनच गाणी म्हणा, बाकीचं आम्ही बघतो." ते वाईट नसतात. मंडळाच्या पोरांनी दारोदार वर्गणी फिरून तो कार्यक्रम ठरवलेला असतो. त्यांची घालमेल ऐकून घ्या, मधे तोडू नका, आणि मग तेच वाक्य पुन्हा म्हणा: "काका, तुमची अडचण कळतेय मला. पण मी येऊन आवाज लागला नाही तर तुमचीच जास्त फजिती होईल. आत्ता तुमच्याकडे दीड दिवस आहे." हे मी प्रत्येक वेळी म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस थोड्या वेळानं तरी शांत झालाय.

खोटं कारण देऊ नका. आजी वारली, गाडी बंद पडली, असलं काही नाही. सांगली-मिरज हे फार लहान जग आहे. पेटीवाला एकच असतो आणि तो सगळ्यांकडे जातो.

साथीदार

आयोजकाचा फोन ठेवला की लगेच साथीदारांना. त्यांनी तुमच्या तारखेसाठी दुसरी तारीख सोडलेली असते, आणि त्यांचं घर त्याच बिदागीवर चालतं. बदली गायक ठरला असेल तर साथीदार तेच राहावेत असा शब्द आयोजकाकडे टाका. पूर्ण रद्द झालं आणि एका दिवसाहून कमी वेळ उरला असेल, तर मी त्यांना ठरलेल्यातली निम्मी रक्कम माझ्याकडून देते. नव्यांना हे झेपणार नाही, हे मला माहीत आहे. मग पुढची तारीख पहिल्यांदा त्यांनाच द्या, आणि तसं त्याच फोनवर सांगा.

रद्द केल्यानंतरचे दिवस

त्या संध्याकाळी घरी राहा. खरंच राहा. रद्द केलेल्या दिवशी मैत्रिणीच्या हळदीला गेलात तर त्याचा फोटो कुणाच्या तरी स्टेटसवर येतो, आणि पुढचे दोन हंगाम तुमचा खरा आजारही कुणाला खरा वाटत नाही. सलाइनचा फोटोही टाकू नका. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालंय. इसार त्याच दिवशी परत करा आणि पावतीचा फोटो आयोजकाला पाठवा. बदली गायकाच्या बिदागीत हिस्सा मागू नका.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आयोजकाला आणखी एक फोन करा: कसा झाला, लोक किती होते. तो फोन फार थोडे जण करतात. माझ्या चार रद्द कार्यक्रमांपैकी तीन ठिकाणी मला पुढच्या वर्षी परत बोलावलं, आणि त्यात या फोनचा हात आहे असं मी मानते.

आवाज बसल्यावर साध्या संसर्गात तो आठवडा-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे उलटूनही घोगरा राहिला तर दुर्बिणीतून तपासणी करून घ्या, पुढे ढकलू नका. बरं वाटायला लागल्यावर पहिल्या दिवशी दहा मिनिटं फक्त मध्य सप्तक, तेही बसून, हळू. दुसऱ्या दिवशी पंधरा. खर्ज ओढू नका, ताना नकोत. हलका तारषड्ज स्वच्छ लागेपर्यंत नवी तारीख देऊ नका. तो लागला की पहिला फोन त्याच आयोजकाला करा, आणि मोकळी असलेली पहिली तारीख आधी त्यांना विचारा.